झेनॉन आणि पाहुण्यांचं बटण

सोमवार, ४ मार्च

चालू भट्टी बंद करायची! कशाला? तर पाहुण्यांना ती चालू करता यावी म्हणून!

बैठकीत मी दोनदा विचारलं. वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. पण नाही. मोठे पाहुणे येणार, मंडपात बटण असणार, पाहुणे ते दाबणार आणि टाळ्यांच्या गजरात अणुभट्टी सुरू होणार. आता भट्टी गेले चार महिने सुरूच आहे, बिचारीने एकदाही कुरकूर केलेली नाही. म्हणून आधी ती बंद करायची. कल्पना अर्थातच आमच्या केंद्रप्रमुखांची. पाठीमागे आम्ही त्यांना ‘कात्री’ म्हणतो. फिती कापायला स्वतःची कात्री बाळगतात – चामड्याच्या पेटीत, टेबलाच्या खणात. गेल्या वर्षी सायकल-स्टँडचं उद्घाटन केलं. त्याआधी पिण्याच्या पाण्याच्या कूलरचं. कूलर बंद पडलाय, फीत अजून लोंबतेय.

मी म्हटलं, “साहेब, पण झेनॉनचं काय?”

“त्याचं काय?”

“तो भट्टी लगेच सुरू होऊ देणार नाही.”

जनसंपर्कवाल्या मखमलने (इतका मऊ बोलतो की हेच नाव पडलंय) पेन काढलं. “मॅडम, हे कोणाच्या हाताखाली येतात?”

कोणीच हसलं नाही. मीच ठसका लागल्याचं सोंग केलं.

मंगळवार, ५ मार्च

आज कात्रींनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला की समजावं, काहीतरी घशाखाली उतरवायचंय.

“तुम्ही सकारात्मक विचार करा. झेनॉनच्या बाबतीत आपली भूमिका काय असावी?”

अहो, तो वायू आहे! त्याच्या बाबतीत भूमिका कसली घेताय? – हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, “बघते साहेब.”

कारण ती खुर्ची. आमच्या विभागाचे प्रमुख निवृत्त होऊन सहा महिने झाले. काम सगळं मीच करतेय. भट्टी बंद झाली की पुन्हा कधी सुरू करायची ते मी सांगायचं, आणि माझ्या सहीशिवाय कंट्रोल रूमने भट्टीला आवर घालणाऱ्या दांड्यांना हात लावायचा नाही, असा नियम आहे. पण खुर्चीवर अजून बसवलेलं नाही. ऑर्डर कात्रींच्या खणात आहे, कात्रीच्या शेजारी. आणि इकडे सासूबाईंनी अख्ख्या वसाहतीत सांगून टाकलंय! खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवून तयार. निळी, कडेने पांढरी दुहेरी शिलाई. आता ती खुर्ची मिळाली नाही तर मी त्या उशीला तोंड कसं दाखवू?

बुधवार, ६ मार्च

जेवताना नवऱ्याशी वाजलं. तो कंट्रोल रूमचा शिफ्टप्रमुख. म्हणजे मी सही करायची आणि त्याने भट्टी सुरू करायची – एरवी घरात कोण कोणाचं ऐकतं हा भाग वेगळा.

“सरळ नाही म्हणून सांग.”

“सांगते ना. जरा पद्धतीने.”

“तुझी पद्धत माहितेय मला. कुठेतरी मधला मार्ग काढशील. तुला नाही म्हणता येत नाही, मग तू हुशारी करतेस.”

मी चिडले. मोठ्याने बोलले. तोही बोलला. मग विषय संपला, ताटं उचलली, आणि त्यानंतर गडी जो गप्प झाला तो गप्पच.

सासूबाई हळूच स्वयंपाकघरात आल्या. “हा झेनॉन कोण गं? याच्यावरून भांडलात ते?”

म्हटलं, आई, भट्टी चालू असते तेव्हा आत अणू फुटतात. एक फुटला की त्यातून न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचे अणू फोडतात, अशी साखळी. त्या फुटण्यातून आयोडीन तयार होतं आणि काही तासांनी त्याचं झेनॉन बनतं. झेनॉन एक नंबरचा खादाड. न्यूट्रॉन दिसला की गिळला. पण भट्टी जोरात असते तेव्हा न्यूट्रॉन इतके असतात, की ते गिळता गिळता तो स्वतःच संपत जातो. एकीकडे तयार होतो, एकीकडे संपतो, हिशेब बरोबर. गंमत पुढे आहे. भट्टी बंद केली की न्यूट्रॉन थांबतात, पण मागचं आयोडीन शिल्लक असतंच. त्याचं झेनॉन बनत राहतं आणि संपवायला कोणी नाही. मग तो साठतो. दहा-अकरा तास चढत जातो, मग कुठे हळूहळू उतरायला लागतो. तोवर भट्टी पेटवायला गेलं तर सगळे न्यूट्रॉन हाच खाणार. दीड दिवस गप्प बसावं लागतं.

सासूबाईंनी भांडं पुसता पुसता ऐकलं. म्हणाल्या, “म्हणजे भांडण चालू असतं तोवर ठीक. भांडण थांबल्यावर चढतो तो राग.”

“हो!”

“याच्या वडिलांचंही असंच होतं. दीड दिवस.”

मी बाहेर डोकावून बघितलं. वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता.

शुक्रवार, ८ मार्च

झेनॉन उतरला. नवऱ्याचा. सकाळी स्वतःहून चहा केला.

सोमवार, ११ मार्च

सापडला मार्ग! (मधला. हो, मधलाच.)

बंद केल्या केल्या झेनॉन एकदम अंगावर येत नाही. पहिला अर्धा तास हातात असतो. त्या अर्ध्या तासात पुन्हा सुरू केली तर भट्टी काही न घडल्यासारखी उठते. म्हणजे साडेदहाला बंद करायची, बरोबर अकराला पाहुण्यांनी बटण दाबायचं, कंट्रोल रूममध्ये घंटी वाजेल, शिफ्टप्रमुख दांडे वर घेईल. पाहुणे खूश, कात्री खूश, झेनॉन गाफील.

कात्रींनी टेबलावर थाप मारली. “याला म्हणतात सकारात्मक!”

मखमल म्हणाला, “पाहुणे अकराला म्हणजे अकराला येतील. त्यांच्या कार्यालयाने कळवलंय.”

घरी सांगितलं. नवऱ्याने विचारलं, “आणि उशीर झाला तर?”

“नाही होणार.”

“आजवर कुठलाही पाहुणा वेळेवर आलेला तू पाहिलायस?”

काही माणसांना कौतुक करायचंच नसतं.

गुरुवार, १४ मार्च

तयारी जोरात. बटणावर तीन बैठका झाल्या. लाल असावं की हिरवं? कात्री म्हणाले लाल, ठसठशीत दिसतं. मखमल म्हणाला, लाल म्हणजे बंद, लोकांचा गैरसमज होईल. शेवटी बटण सोनेरी ठरलं, आणि ते दाबलं की वर हिरवा दिवा लागणार. शिवाय मंडपात भिंतीएवढा मोठा मीटर. भट्टीचा जोर वाढेल तसा काटा वर चढणार. वायरमनकाका म्हणाले, कंट्रोल रूमपासून इथवर तार ओढायला वेळ नाही, काटा मी पडद्यामागून हाताने फिरवतो, फक्त किती आणि केव्हा ते खुणावून सांगा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

झेनॉनवर मात्र एकही बैठक नाही. तो अजेंड्यावर ‘इतर विषय’मध्ये आहे.

सोमवार, १८ मार्च

आजचं सगळं लिहूनच काढते.

साडेदहाला नवऱ्याने भट्टी बंद केली. मी मंडपामागे फोनपाशी. अकराला पाहुणे नाहीत. सव्वाअकराला नाहीत. मखमल सारखा येऊन सांगतोय, “निघालेत.” कुठून निघालेत ते सांगेना. अर्धा तास केव्हाच संपला. मी कात्रींना गाठलं. म्हटलं साहेब, गेलं! आता परवापर्यंत नाव काढू नका.

पाहुणे आले एकनंतर. हसत. वाटेत दुसरीकडे एका पुलाची फीत कापायची होती म्हणे.

कात्रींनी मला पडद्याआड ओढलं. घामाने चिंब. “दांडे अजून वर घ्या! सगळे वर घ्या! जोर लावला की सुरू होईल ना?”

होईलही. तीच तर भीती! मी त्यांना सांगितलं: उतारावर गाडी उभी आहे, चाकाखाली दगड आहे. तो दगड म्हणजे झेनॉन, आणि दांडे म्हणजे ब्रेक. दगड आडवा येतोय म्हणून तुम्ही सगळे ब्रेक काढून इंजिन रेटणार. भट्टी जराशी जरी पेटली, तरी झेनॉन भराभर जळणार. म्हणजे दगडाचा भुगा. आणि तेव्हा गाडी उतारावर आणि ब्रेक तुमच्या हातात नाहीत. मग काय होईल ते मी सांगत नाही, कारण ते सांगायला आपण कोणी नसू.

त्यांनी काही ऐकलं नाही. थेट कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडून माझ्या नवऱ्याचा आवाज मला इथवर आला – एकदम थंड. “तिची सही आणा. सही दिसली की घेतो.”

कात्रींनी कागद माझ्यापुढे धरला. पेनही दिलं. आणि म्हणाले, “तुमची ऑर्डर खणात तयार आहे, माझी सही तेवढी बाकी.”

बाहेर बँड वाजत होता. एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला कंट्रोल रूममध्ये बसलेला माझा माणूस, आणि मध्ये तो कागद. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“साहेब, भट्टी सुरू कशाला करायला हवी? बटण दाबलं की दिवा लागतोच. काटा काका फिरवतात. टाळ्यांना काय कळतंय आत काय चाललंय?”

कात्री माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ना! इतकं तेज आमच्या भट्टीने कधी दिलं नसेल.

पाहुण्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मी पडद्याच्या फटीतून खूण केली, काकांनी काटा चढवला – जरा जास्तच, शंभराच्याही पुढे, मग हळूच मागे घेतला. टाळ्या! पाहुणे माइकवरून म्हणाले, “हा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय तो याच भट्टीच्या विजेवर!” माइक भाड्याच्या जनरेटरवर होता. मागे धडधडत होता.

सही केली नाही. कोणाला इजा नाही. सगळे खूश. यापेक्षा चांगलं आणखी काय व्हायला हवं होतं?

मंगळवार, १९ मार्च

काल रात्री नवरा घरी आला तेव्हा मी त्याला हसत हसत सगळं सांगितलं. काटा शंभरापुढे गेला ते ऐकून तोही हसला. मग म्हणाला, “सही केली नाहीस ते बरं केलंस. पण ‘नाही’ही म्हणाली नाहीस.”

“परिणाम एकच ना?”

त्याचा झेनॉन आज दिवसभर चढत्या बाजूला आहे.

बुधवार, २० मार्च

आज भट्टी खरी सुरू केली. माझी सही, त्याचा हात. कंट्रोल रूममध्ये तो, मी आणि दोन ऑपरेटर. काटा खरोखरचा, कोणी न फिरवता चढला. फीत नाही, बँड नाही. मला फार आवडतं ते दृश्य. दर वेळी आवडतं. त्याने माझ्याकडे न बघता थर्मासमधला चहा पुढे केला.

नोंदीत काय लिहायचं, हा प्रश्न होता. कात्रींनी सोडवला. सोमवारी एकनंतर ‘सुरू’. मधले दोन दिवस ‘कमी जोरावर चाचणी’. मी बघितलं आणि पान उलटलं. मला काय त्याचं! सही कात्रींची होती.

मंगळवार, २ एप्रिल

ऑर्डर मिळाली! विभागप्रमुख!

सासूबाईंनी उशी स्वतः आणून खुर्चीवर ठेवली. गेटवर पास काढून आल्या, सुरक्षारक्षकाला उशी उघडून दाखवली, आतला कापूस दाखवला. मग खुर्चीत एकदा स्वतः बसून बघितलं. “मऊ आहे,” म्हणाल्या. डोळे भरून आले त्यांचे. आणि माझेही, खोटं कशाला बोलू. सहा महिने वाट बघितली होती.

बुधवार, १० एप्रिल

काय ऐकावं ते नवलच! मुख्य कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र. नोंद वाचून त्यांचे डोळे दिपलेत. बाकी सगळीकडे भट्टी बंद पडली की झेनॉनपायी दीड दिवस जातो. आमच्याकडे पावणेतीन तासांत सुरू! कसं काय जमवलं, असं कोणीही विचारलेलं नाही. कोणीच नाही! ‘किती छान’ एवढंच म्हटलंय.

कात्रींना तिकडे भाषणाला बोलावलंय. विषय: झेनॉनवर मात. भाषण कोणी लिहायचं? विभागप्रमुखांनी.

मी लिहिलं. ‘नेतृत्व’, ‘इच्छाशक्ती’, ‘सांघिक भावना’ असले शब्द ठासून भरले. विज्ञान एका ओळीचंही नाही, म्हणजे खोटंही एका ओळीचं नाही. आहे की नाही हुशारी?

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उठून गॅलरीत गेला. सासूबाईंनी बोटं मोजल्यासारखी केली आणि म्हणाल्या, “परवा सकाळपर्यंत.”

शुक्रवार, १९ एप्रिल

भाषण गाजलं. कात्रींना पदक. भिंतीवर टांगायला खिळा ठोकला, आणि त्याचंही छोटंसं उद्घाटन झालं.

सोमवारपासून नवरा नुसता गप्प नाही, विचारात आहे. आज म्हणाला, “तू तो दिवा लावलास ना, तो विझवायला कोण जाणार?”

“विझला की! मंडप काढला, बटण भांडारात गेलं.”

“ते बटण नव्हे.”

असं अर्धवट बोलण्याचा मला भयंकर राग येतो.

मंगळवार, ३० एप्रिल

आज टेबलावर पहिला मोठा कागद आला. विभागप्रमुख म्हणून माझ्यासाठी पहिलाच. उशीवर नीट बसून, चष्मा लावून उघडला.

नवा नियम. सगळ्या केंद्रांना. आमच्या केंद्राने करून दाखवलं आहे, त्याअर्थी भट्टी बंद झाल्यावर झेनॉनसाठी थांबण्याची सक्ती रद्द. तीन तासांत सुरू करावी. अडचण आल्यास दांडे पूर्ण वर घ्यावेत. आमच्या विभागाच्या सहीची गरज यापुढे नाही.

खाली जोडपत्र: दुसरे पाहुणे, परवा, गुरुवारी. सकाळी बंद, दुपारी सुरू. यावेळी मंडप नाही. पाहुण्यांना कंट्रोल रूममध्ये उभं राहून खरा काटा बघायचाय.

मी धावत कात्रींकडे गेले. ते चहा मागवून बसले होते. “साहेब, ते खोटं होतं! तुमच्यासमोर झालंय! दिवा होता तो!”

“दिवा?” ते म्हणाले. मला वाटलं, सोंग करताहेत. नव्हते करत. पदक भिंतीवर लागल्यापासून त्यांना खरंच वाटायला लागलंय की भट्टी सुरू झाली होती. “तुम्ही थकलाय मॅडम. भाषण तुम्हीच लिहिलंत.”

गुरुवारी शिफ्टप्रमुख कोण ते जोडपत्रात लिहिलेलं आहे. मी दोनदा वाचलं. माझ्याच घरातला माणूस. आता तो ‘तिची सही आणा’ असं कोणाला म्हणणार? सही लागतच नाही. तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला बसवतील. आणि इतर केंद्रांवरही असेच कोणी कोणी बसलेले असतील, त्यांच्यात आणि त्या दांड्यांमध्ये कुठलीच सही नाही. माझ्या एका दिव्यामुळे.

त्याला सांगितलं. वाटलं, आता ओरडेल. नाही ओरडला. माझ्या डोक्यावर हात ठेवला फक्त. तेव्हा मी रडले.

बुधवार, १ मे

मुख्य कार्यालयाच्या दारात जाऊन बसणार आहे. दिवा, काटा, पडदा, वायरमनकाकांना केलेली खूण, सगळं सांगणार. कल्पना माझीच होती तेही. सुरुवात ‘नाही’पासून करणार.

नवरा बरोबर येतोय. सासूबाई दारात होत्या. म्हटलं, आई, तुमची उशी बहुतेक उद्या परत आणावी लागेल.

“उसवली का?”

“नाही. उशी चांगली आहे.”